पद सुभद्रेचं, सौजन्य सोयाबीनचं

मराठवाड्यात गुप्तदान करणारा माणूस सापडणं कठीण, आणि सापडलाच तर तो कोण हे सगळ्या गावाला माहीत असतं. देवळाला पंखा दिला तर तिन्ही पात्यांवर मजकूर येतो. एका पात्यावर कैलासवासी वडील, दुसऱ्यावर देणारे चिरंजीव, तिसऱ्यावर मुक्काम पोस्ट आणि तालुका. पंखा फिरायला लागला की मात्र वडील, चिरंजीव आणि तालुका एकमेकांत मिसळून जातात. नांदेडजवळच्या एका मारुतीच्या देवळात ऐन मे महिन्यात घाम पुसत बसलो होतो. पंखा बंद. उठून बटणाला हात घातला, तर पुजारीबुवा घाईनं म्हणाले, "राहू द्या की जरा. पंखावाले पाहुण्यांना घेऊन यायलेत. त्यांचं वाचून झालं की लावतो."

अखंड हरिनाम सप्ताहाची पत्रिका बघा. रोजच्या कीर्तनकार महाराजांच्या नावासमोर त्या दिवसाचे अन्नदाते असतात आणि दोघांच्या अक्षरांचा आकार सारखाच असतो. कुठं कुठं अन्नदाता एक सूत मोठाच. काल्याच्या दिवसाची पंगत मिळावी म्हणून लोक दोन-दोन वर्षं आधी नंबर लावतात. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत लावणी ऐन रंगात आली की कुणीतरी नोट पुढं करतो, ढोलकी थांबते, माईकवरून देणाऱ्याचं नाव पुकारलं जातं आणि मगच पुढचा ठेका पडतो. स्मशानातल्या बाकड्यावरसुद्धा 'यांच्या सौजन्याने' लिहिलेलं असतं. तिथं बसल्यावर नेमकं कशाला कुणाचं सौजन्य, असा प्रश्न पडतो, पण विचारायची ती वेळ नसते. प्रायोजकत्व म्हणजे काय, हे सांगायला आमच्याकडं मुंबईहून सूटबूटवाला माणूस यायची गरज नाही.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे आमच्या गुरुजींना 'संगीत सौभद्र' करायचंय. पहिला प्रयोग नांदेडला शंकरराव चव्हाण प्रेक्षागृहात, दुसरा लातूरला दयानंद सभागृहात. गुरुजी निवृत्त शिक्षक. पेटी चांगली वाजवतात, आणि वाजवताना समोरच्याला उठू देत नाहीत. आमच्या मंडळाचे ते अध्यक्ष, मी खजिनदार. मंडळाकडं खजिना नाही, पण घटनेत खजिनदाराची तरतूद आहे.

खर्चाचा अंदाज मांडायला बसलो, तर कागद खालून संपला. ऑर्गनवाला आणि तबलजी बाहेरून आणायचे, त्यांचं जाणं-येणं, राहणं. रंगभूषा, ड्रेपरी, पडदे, पडद्यांचा टेम्पो, सभागृहाचं भाडं, माईक, लाईट, चहा. शेवटी गुरुजींनी स्वतःच्या अक्षरात जोडलं होतं, 'घटोत्कचाचं जेवण, वेगळं.' बेरीज पाहून मी म्हणालो, "गुरुजी, एवढ्यात तर एखाद्याचं खरंखुरं लग्न लागेल."

"त्याला पैसे देणारे मिळतात ना? मग ह्याला बी मिळतील," गुरुजी म्हणाले. "इतिहास आपल्या बाजूनं आहे."

इतिहास खरोखरच आमच्या बाजूनं आहे. 1843 साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' उभं केलं ते तिथल्या राजाच्या, चिंतामणराव पटवर्धनांच्या, आश्रयानं. म्हणजे मराठी नाटकाचा जन्मच मुळी प्रायोजित. पुढं बडोद्याच्या गायकवाडांनी आणि कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी नाटकवाल्यांच्या डोक्यावर हात ठेवला. साता समुद्रापार न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचं रेडिओवरचं प्रक्षेपण टेक्साको नावाच्या तेल कंपनीनं 1940 पासून 2004 पर्यंत पुरस्कृत केलं. ऑपेरा म्हणजे तिकडचं संगीत नाटकच म्हणा. मरायला टेकलेला माणूस तिथंही आधी गातो आणि मग मरतो. साठाहून अधिक वर्षं त्या कंपनीनं पैसे मोजले, पण गाणं चालू असताना मध्ये तोंड घातलं नाही. जे काय सांगायचं ते आधी, नाहीतर मध्यंतरात.

"तेलाचीच कंपनी ना?" गुरुजींचे डोळे चमकले. "मग आपल्याकडं काय कमी हाय? लातूर सगळं तेलावरच उभं हाय."

तेल वेगळं, पण मुद्दा बरोबर होता. त्या रात्री मी वही घेऊन बसलो. डाव्या बाजूला नाटकं, उजव्या बाजूला प्रायोजक. झोप येईपर्यंत जुळवाजुळव केली, आणि प्रत्येकाकडं गेलो तर काय होईल तेही डोळ्यांसमोर आणून पाहिलं.

'सौभद्र'ला मुख्य प्रायोजक अर्थातच सोयाबीन तेलवाले. लातूरच्या आडत बाजारात सौदा निघाल्याशिवाय कुणी दुसरं काही बोलत नाही, म्हणून आम्ही भाव फुटेपर्यंत पोत्यावर बसून राहिलो. मग शेठजींनी चहा मागवला आणि विचारलं, "माल काय हाय?"

"किर्लोस्करांचं सौभद्र. 1882 सालचं."

"लय जुना माल दिसतोय. कीड-बीड?"

"नाही शेठजी. नाटक आहे. शंभराच्या वर पदं आहेत. आपण त्यातली निवडक ठेवू."

"पदं मोजून देणार का तोलून?" शेठजींनी कागद पुढं ओढला. "एका पदात ताना किती? समजा तुम्ही सात बोललाव आणि निघाल्या पाच, तर दोन तानांचा कडता लावणार. हिशोबात नंतर कटकट नको."

गुरुजींनी त्यांना समजावलं की तान ही गवयाच्या मनावर असते. कधी तीन, कधी तेरा. शेठजींना ते फारच गैरव्यवहाराचं वाटलं. मग त्यांनी सुभद्रेचं विचारलं. ती रडते का? रडते, आम्ही कबूल केलं. दादानं लग्न दुर्योधनाशी ठरवलंय आणि मन अर्जुनावर, म्हटल्यावर रडणारच. शेठजींनी मान हलवली. "रडू द्या. पण ओलावा बारा टक्क्यांच्या आत ठेवा. त्याच्या वर गेला की माल परत."

सौभद्राला सहप्रायोजक दोन. पहिले मंगल कार्यालयवाले. त्यांना कथानक पसंत पडलं, कारण त्यात लग्न आहे. काळजी एकाच गोष्टीची होती. बलरामदादांनी दुर्योधनासाठी तारीख घेतली, अ‍ॅडव्हान्स भरला आणि ऐनवेळी नवरदेव बदलला, तर पहिला अ‍ॅडव्हान्स परत करायचा का? त्यांची अट अशी की तिसऱ्या अंकात बलरामानं लोकांकडं बघून स्वच्छ सांगावं, 'भरलेली रक्कम कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही.' दुसरे ट्रॅव्हल्सवाले. नांदेडचं अर्धं गाव रोज रात्री पुण्याच्या स्लीपरमध्ये पाय आखडून झोपलेलं असतं, त्यामुळं त्यांना घटोत्कच फार भावला. रातोरात उचलतो, धक्का न लावता पोचवतो, सकाळी सुभद्रेला कळतही नाही आपण कुठं उतरलो. "हाच आमचा ब्रँड अँबेसिडर," मालक म्हणाले. "फक्त मध्ये जेवायला ढाब्यावर थांबवा. नाहीतर कुणाचा विश्वास बसणार नाही."

'मानापमान'ला सराफ. नांदेडच्या सराफ्यात एका गादीवर बसून मी त्यांना खाडिलकरांची गोष्ट सांगितली. 1911 सालचं नाटक. भामिनीला आधी वाटतं दागदागिने, श्रीमंती हेच सगळं. मग ती साध्या मुलीच्या वेशात शूर पण गरीब धैर्यधराला पारखते आणि त्याच्या प्रेमात पडते. अंगभर दागिने घातलेला लक्ष्मीधर भित्रा निघतो. सराफांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हीरो चुकलाय."

"कसा काय?"

"दागिने घालतो तो भित्रा, आणि ज्याच्या अंगावर गुंजभर सोनं नाही तो हीरो? पोरीनं शेवटी कनकाला लाथ मारून जायचं? आणि तेही ऐन लग्नसराईत?" त्यांनी तडजोड सुचवली. धैर्यधर शूर असू द्या, पण लढाईवरून येताना त्यानं मंगळसूत्र आणावं. घडणावळीत सूट आम्ही देऊ.

'संशयकल्लोळ'साठी वजिराबादेतले सीसीटीव्हीवाले. देवलांनी हे फार्सचं कथानक मोलिएरपासून इंग्रजीमार्गे आणलं आणि असं काही मुरवलं की फाल्गुनराव आपल्याच गल्लीतले वाटायला लागले. मूर्च्छा आलेल्या रेवतीला ते सावरतात, ते कृत्तिका बघते. तिच्या हातात अश्विनशेठची तसबीर असते, ती फाल्गुनराव बघतात. तिथून घोळ सुरू. दुकानदारानं सगळं ऐकून विचारलं, "चौकात कॅमेरा नव्हता का?"

"त्या काळात कुठला?"

"मग आता लावा. पहिल्या प्रवेशातच फुटेज काढा, सगळ्यांना दाखवा, संशय खलास."

"नाटकही खलास. वीस मिनिटांत."

"बरंच हाय की," ते म्हणाले. "मला बी दुकान उघडं टाकून तीन तास बसायला जमत नाही."

'विद्याहरण' मात्र लातूरचंच. ज्या गावानं 'लातूर पॅटर्न' नावाची चीज महाराष्ट्राला दिली, जिथं दहावीनंतर बाहेरगावची मुलं ट्रंका घेऊन उतरतात आणि दोन वर्षं सूर्य फक्त सुट्टीच्या दिवशी बघतात, तिथं कच-देवयानीची गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. क्लासवाले सर तर ऐकता ऐकता उभेच राहिले. "म्हणजे देवांनी पोराला घरापासून लांब, परक्या गावात, एकाच विषयासाठी ठेवला?"

"हो सर. संजीवनी विद्या."

"आणि मधे अपयश?"

"तीनदा मारला गेला. तिन्ही वेळा परत उठला."

"रिपीटर बॅच!" सरांनी टेबलावर हात आपटला. भिंतीवर फ्लेक्स कसा लागेल हेही ठरलं. मधोमध शुक्राचार्य सर, खाली गोल चौकटीत कच, 'देवलोक केंद्रातून संजीवनी विषयात प्रथम'. सरांना फक्त एकच बदल हवा होता. "ते देवयानीचं प्रकरण काढा. आमच्याकडं मुला-मुलींच्या बॅचेस वेगळ्या आहेत. पालक विचारतात." देवयानीशिवाय विद्याहरण होत नाही, हे मी दबक्या आवाजात सांगितलं. "मग ती पहिल्या रांगेतली हुशार विद्यार्थिनी दाखवा," सर म्हणाले. "नोट्स देते, एवढंच."

त्यांना 'कट्यार काळजात घुसली'सुद्धा सुचवून पाहिलं. दारव्हेकरांचं 1967 चं नाटक, संगीत अभिषेकीबुवांचं, खाँसाहेब म्हणजे वसंतराव देशपांडे. सरांनी कथा अर्ध्यात तोडली. "एक मिनिट. पोरगा फी न भरता आडून ऐकून शिकतो, आणि नाटक त्यालाच चांगला म्हणतं? उद्या माझ्या खिडकीखाली दोनशे पोरं बसतील."

म्हणून 'कट्यार' नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये नेली. त्या गल्लीत आडवं पडायचं ठरवलं तरी कुठल्या तरी हॉस्पिटलच्या पायरीवरच डोकं टेकतं. हृदयरोगवाल्यांना नाव ऐकूनच भरून आलं. योजनाही त्यांच्या तयारच होत्या. मध्यंतरात मोफत ईसीजी, वन्स मोअर मागणाऱ्याचं जागेवर बीपी, आणि खाँसाहेबांची तान सुरू असताना पडद्याच्या कडेला हृदयाची हिरवी रेघ. तान तारसप्तकात गेली की रेघही वर जाईल. "आणि शेवटी एक वाक्य हवंच," डॉक्टर म्हणाले. "घुसली तरी घाबरू नका. पहिला तास महत्त्वाचा."

राहता राहिला 'एकच प्याला'. गडकऱ्यांचं हे नाटक गंधर्व मंडळीनं 1919 मध्ये रंगमंचावर आणलं, तेव्हापासून दारूबंदीचा एवढा दर्दभरा प्रचार कुणी केला नाही आणि एवढ्या रसिकांनी तो पाहून घरी जाताना घसाही ओला केला नाही. दारूच्या जाहिरातीला बंदी असल्यानं त्या कंपन्या त्याच नावाचा सोडा विकतात. पण सिंधूच्या मरणाला सोड्याचं सौजन्य हे गुरुजींच्या जिवावर आलं. मग आठवलं, लातूरला प्याल्याची किंमत गडकऱ्यांनी सांगायची गरजच नाही. 2016 च्या उन्हाळ्यात इथं पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती. एप्रिलमध्ये मिरजेहून 'जलदूत' रेल्वे आली, पहिल्या खेपेला दहा टाक्या, पाच लाख लिटर. त्या गाडीला ओवाळायला माणसं आली होती आणि ओवाळणीत कुणी पाणी टाकलं नव्हतं.

त्याच मिरजेत बालगंधर्व किर्लोस्कर मंडळींच्या नाटकात शकुंतला होऊन पहिल्यांदा उभे राहिले. तिथल्याच सतार-तंबोऱ्यांवर निम्मा देश गातो. मिरज-कुर्डुवाडी-लातूर ही बार्शी लाईट रेल्वेची जुनी वाट. गंमत बघा, त्या वाटेनं शेवटी टँकर आले, तंबोरे यायचे राहून गेले. गुरुजी म्हणतात, "आधी पाणीच पायजे होतं. गवयाला बी घोट लागतोच की." खरं आहे. पण पाणी आल्यावर तरी तंबोरा मागवावा, एवढंच आमच्या मंडळाचं म्हणणं आहे.

तर 'एकच प्याला' जारवाल्याकडं गेला. त्याला नाव पसंत पडलं नाही. "एकच कशाला? वीस लिटरचा जार म्हणा." पुढं त्याची अडचण अशी की दारू दाखवली तर धंद्याची बदनामी होते.

"मग सुधाकर बिघडतो कशानं?" मी विचारलं.

जारवाल्यानं क्षणभरही विचार केला नाही. "दुसऱ्या प्लँटच्या पाण्यानं."

यादी अशी वाढतच गेली. साखर कारखान्याच्या एका संचालकांना आम्ही नवरसांचं महत्त्व सांगायला लागलो. नांदेडचे, म्हणजे समीक्षक नरहर कुरुंदकरांच्या गावचे, म्हणून आम्हाला रसचर्चेची जरा खोडच आहे. संचालक म्हणाले, "नऊ रस कशाला? आमच्याकडं एकच हाय, त्याचीच रिकव्हरी बसंना." निलंगा तालुक्यातल्या पानचिंचोलीच्या चिंचेला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणून चिंचवाल्यांनाही विचारून पाहिलं. ते तयार होते, उदार होते आणि प्रत्येक कलाकाराला पाच-पाच किलो चिंच द्यायला निघाले होते. हे ऐकून आमच्या सुभद्रेनं दोन दिवस फोन उचलला नाही. गवयाला आंबट वर्ज्य, हे त्या भल्या माणसाला कोण सांगणार?

मग मी त्या वहीच्या मागच्या पानावर प्रत्यक्ष प्रयोगाची रात्र लिहून काढली. पत्रिकेत वेळ सायंकाळी साडेसहा. सातला सतरंजी. आठला मान्यवर येणार असा निरोप, नऊला मान्यवरांच्या ऐवजी त्यांचे स्वीय सहायक. दीपप्रज्वलन, त्यात पंख्यानं दोनदा वात विझली. मग सत्कार. मुख्य प्रायोजक, सहप्रायोजक, सहप्रायोजकांचे बंधू, त्यांचे व्याही. शाल-श्रीफळ संपले तेव्हा पहिल्या सत्कारमूर्तीची शाल हळूच काढून शेवटच्याला घातली, फोटो काढला आणि परत नेऊन दिली. तोवर विंगेत अर्जुनाच्या मिशीचा डिंक वाळला होता आणि घटोत्कच जेवून झोपला होता.

पहिली घंटा ट्रॅव्हल्सकडून, दुसरी मंगल कार्यालयाकडून. तिसऱ्या घंटेसाठी दोघांत बोली लागल्यामुळं ती चारदा झाली. नांदी सुरू झाली. देवाचं नाव घ्यायच्या आधी पुरस्कर्त्याचं घ्यावं का नंतर, यावर तडजोड म्हणून दोन्ही एका दमात घेतली गेली. पडदा वर गेला. वनाचा देखावा, त्यात अर्धापूरच्या केळी आणि प्रत्येक घडाखाली रोपवाटिकेचा मोबाईल नंबर. अर्जुन तीर्थयात्रेनं थकून, खचून बसलेला. नारद आले. वीणेच्या भोपळ्यावर तेलाचा डबा रंगवलेला. नारदांनी सुभद्रेच्या लग्नाची बातमी फोडायला तोंड उघडलं आणि माईक खरखरला, "एमएच सव्वीस, पांढरी स्कॉर्पिओ, गाडी गेटातून काढावी, मान्यवरांची गाडी अडकली आहे." निम्मं सभागृह उठलं, कारण निम्म्या सभागृहाकडं पांढरी स्कॉर्पिओ होती.

सुभद्रेचं विरहाचं पद मात्र चढत गेलं. बाई खरंच गायल्या. शेठजींनी ओलाव्याची अट घातली होती, पण पहिल्या रांगेत तेच उपरण्यानं डोळे टिपत होते आणि मुनीम त्यांच्याकडं काळजीनं बघत होता. पद संपलं. वन्स मोअर आला. वन्स मोअरला वेगळा प्रायोजक नेमायचा राहिला होता, म्हणून ते पद सबंध रात्रीत पहिल्यांदा कुणाच्याही सौजन्याशिवाय, नुसतंच झालं.

इथं माझी लेखणी थांबली. शेठजी मनात बसले ते बसलेच. प्रायोजकाची टर उडवणं सोपं आहे, पण त्यानं नाव मागितलं यात नवल काय? राजेरजवाड्यांनाही सूत्रधाराच्या तोंडून आपली स्तुती ऐकायला आवडतच असणार. पैसे देणारा निदान येतो, बसतो आणि एखाद्या वेळी रडतो. मला धास्ती आहे ती दुसऱ्याच गोष्टीची, आणि ती आमच्या दोन्ही शहरांत घरोघरी सापडते. तिचं नाव फुकट पास.

आमच्याकडं तिकीट काढणं ही गरजेची नाही, तर नाचक्कीची गोष्ट आहे. माणूस खिडकीपाशी उभा दिसला की ओळखीचा विचारतो, "काय राव, पास नाही मिळाला?" आवाजात असा कळवळा, जणू रेशनकार्डावरून नाव कमी झालंय. प्रायोजकाला पहिल्या पाच रांगा मिळतात. तो पास मॅनेजरला देतो, मॅनेजर साडूला, साडू शेजाऱ्याला, आणि शेजारी त्या दिवशी लग्नाला जातो. पहिल्या पाच रांगांत 'राखीव' लिहिलेल्या चिठ्ठ्या बसून नाटक बघतात. मागं, दाराजवळ, ज्याला पदांचा शब्द न् शब्द पाठ आहे तो एका पायावर उभा असतो.

भाव्यांची गोष्ट पुढं वाचली तर हेच निघतं. 1851 मध्ये चिंतामणराव गेले आणि आश्रय आटला. दुसऱ्या कुणी तिथंच दुकान बंद केलं असतं. भाव्यांनी नाटकाचं बिऱ्हाड पाठीवर घेतलं आणि 1853 साली मुंबईत ग्रँट रोडवरच्या नाट्यगृहात तिकीट लावून खेळ केले. राजानं नाटक जन्माला घातलं हे खरं, पण त्याला पोसलं ते खिडकीवर पैसे मोजणाऱ्यानं. 1921 मध्ये बालगंधर्व आणि केशवराव भोसले संयुक्त 'मानापमाना'त एकत्र उभे राहिले, तेव्हा मुंबईत लोकांनी भारी दरानं तिकिटं घेतली आणि तो पैसा टिळक स्वराज्य फंडाला गेला. त्या रात्रीचे प्रायोजक कोण, तर थिएटरात बसलेले सगळे. त्यांची नावं कुठल्या फलकावर नाहीत. ठेवायची म्हटली असती तर फलक पुरला नसता.

दुसऱ्या दिवशी ही वही मी गुरुजींपुढं टाकली आणि म्हटलं, प्रायोजक असू द्या. तेलवाले असू द्या, ट्रॅव्हल्स असू द्या. फक्त टेक्साकोसारखं आधी बोला, मध्यंतरात बोला आणि पदाच्या मध्ये गप्प राहा. पण पास एकही छापायचा नाही. शेठजींनीही तिकीट काढायचं.

"कोण काढणार?" गुरुजी म्हणाले. "आपल्या माणसाला पैसा जड नाही. नाव न होता पैसा गेला की जड जातं."

मग त्यांनीच तोड काढली. तिकीट काढणाऱ्या प्रत्येकाचं नाव माईकवरून वाचायचं. गॅलरीतल्या सगळ्यात स्वस्त तिकिटाचंही. सप्ताहातल्या अन्नदात्यासारखं, पूर्ण, गावासकट. योजना कट्ट्यावर नुसती बोलून दाखवली, तर समोरच्या टपरीवरचे एक भाऊ पानाची पिंक टाकून उठले.

"किती रुपये म्हणलाव?"

आकडा सांगितला. त्यांनी खिशात हात घातला, मग थांबले. "नाव कधी पुकारणार? सुरुवातीलाच ना?"

"नाही. भरतवाक्य झाल्यावर. पडदा पडायच्या आधी."

"म्हणजे शेवटपर्यंत बसायला लागंल की!"

"लागंल," गुरुजी म्हणाले. "जो उठला त्याचं नाव गळालं."

भाऊंनी हिशोब केला. तीन तास गाणं, बदल्यात गावासमोर एकदा नाव. सौदा वाईट नव्हता. नोट काढून त्यांनी माझ्या हातात ठेवली. मंडळाच्या खजिन्यातली ती पहिली रक्कम. चार पावलं जाऊन ते परत वळले.

"आणि पुकारताना नाव चुकलं तर?"

गुरुजींनी चष्मा पुसला. "तर वन्स मोअर."